बेथ्यूनबाईंच्या नावाने शिष्यवृत्ती : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षिका आणि शाळासंस्थापक मेरी मॅक्लाउड बेथ्यून (१८७५–१९५५) यांचा परिचय छापला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा होती : बाईंच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती सुरू करायची तर नेमके काय करावे लागते? अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी विचारले, तसेच पुण्या-साताऱ्याच्या वाचकांनीही विचारले. त्यातले निवडक प्रश्न आणि जाणकारांनी दिलेली उत्तरे.

प्रश्न : मंडळाच्या सभेत शिष्यवृत्तीचा ठराव झाला. पण बाईंच्या आयुष्याला शोभेल अशी शिष्यवृत्ती कोणती? नुसते नाव चिकटवल्यासारखे व्हायला नको. (एडिसन, न्यू जर्सी)

बाई स्वतः शिकल्या त्या शिष्यवृत्तीवरच, आणि ती देणारी व्यक्ती श्रीमंत नव्हती. साउथ कॅरोलायनातल्या मेझव्हिलजवळ जन्मलेली ही सतरा भावंडांतली पंधरावी मुलगी. आईवडील गुलामीतून सुटलेले, घरी कापसाची शेती. गावच्या मिशन शाळेतल्या शिक्षिका एमा विल्सन यांनी तिला वाचायला शिकवले. पुढच्या शिक्षणाचा खर्च डेन्व्हरच्या मेरी क्रिसमन या शिवणकाम करणाऱ्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या बाईंनी उचलला. आपल्या कमाईतला एक हिस्सा त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीच्या शिक्षणासाठी राखून ठेवला होता. त्या पैशांतून मेरी नॉर्थ कॅरोलायनातल्या स्कोशिया सेमिनरीत शिकली आणि १८९४ मध्ये तिथून बाहेर पडली.

या हकिकतीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मुलीची पारख तिला रोज वर्गात पाहणाऱ्या शिक्षिकेने केली, आणि मदत एकदाच न येता अभ्यासक्रम संपेपर्यंत येत राहिली. तुमच्या शिष्यवृत्तीत या दोन्ही गोष्टी उतरल्या, तर नाव चिकटवल्यासारखे वाटणार नाही.

पुढे बाईंनी स्वतः काय केले तेही बघा. ऑक्टोबर १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे त्यांनी पाच मुलींची शाळा काढली. हाताशी दीड डॉलर होता आणि घरभाडे महिना अकरा डॉलर. खोक्यांची बाके झाली, कोळशाच्या पेन्सिली झाल्या, एल्डरबेरीच्या रसाची शाई झाली. रताळ्याचे 'पाय' (pie, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) विकून पैसे उभे केले. त्या शाळेचे १९२३ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कुकमन इन्स्टिट्यूटशी एकत्रीकरण झाले आणि तिथूनच आजचे बेथ्यून-कुकमन विद्यापीठ वाढले. १९३६ पासून रूझवेल्ट सरकारच्या नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (तरुणांना काम आणि शिक्षणासाठी मदत देणाऱ्या खात्यात) कृष्णवर्णीयांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. उच्च शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीचा वेगळा निधी तिथे त्यांनी हाताळला. १९४४ मध्ये युनायटेड निग्रो कॉलेज फंड उभा राहिला तेव्हाही त्या संस्थापकांत होत्या. म्हणजे विद्यार्थ्यांना पैसे पोचवणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते.

आमचे मत विचाराल तर शिष्यवृत्ती शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी ठेवा. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत शाळांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करण्यात आल्या आणि त्यांच्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. ती पोकळी अजून भरलेली नाही. २०२०–२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांपैकी सुमारे ६ टक्केच कृष्णवर्णीय होते.

प्रश्न : आमच्याकडे १२,००० डॉलर जमले आहेत. एवढ्यात कायमस्वरूपी शिष्यवृत्ती होईल का? (ह्यूस्टन)

कायमस्वरूपी म्हणजे मुद्दल तसेच ठेवून फक्त उत्पन्न वाटायचे, तर नाही. बहुतेक महाविद्यालये अशा निधीसाठी किमान २५,००० डॉलर मागतात. काही ठिकाणी ५०,००० किंवा १,००,००० लागतात. ही रक्कम पाच वर्षांत हप्त्यांनी भरता येते. पण वर्षाला वाटले जाते ते निधीच्या मूल्याच्या ४ ते ५ टक्के, आणि तेही सहसा गेल्या तीन वर्षांची सरासरी धरून. २५,००० वर ४ टक्क्यांनी १,००० डॉलर हाती येतात. शिवाय निधी पूर्ण भरल्यानंतर पहिले वाटप व्हायला बऱ्याचदा आणखी एक वर्ष जाते. बाजार कोसळून निधी मूळ देणगीखाली गेला, तर काही संस्था वाटप थांबवतात. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा : वाटपाचा दर किती, व्यवस्थापन शुल्क किती, आणि निधी मुद्दलाखाली गेल्यावर काय करणार.

तुमच्या १२,००० चा चांगला उपयोग वेगळ्या मार्गाने होईल. दोन विद्यार्थी निवडा आणि प्रत्येकाला वर्षाला १,५०० डॉलर याप्रमाणे चार वर्षे द्या. हिशेब बरोबर १२,००० चा होतो. एका मुलीला चार वर्षे पुरेल असा शब्द देणे हे दरवर्षी नव्या चेहऱ्याला हजार डॉलर देऊन फोटो काढण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. पहिल्या वर्षी मिळालेली आणि दुसऱ्या वर्षी बंद झालेली मदत विद्यार्थ्याला फार अडचणीत आणते, कारण दुसऱ्या वर्षाची फी तेवढीच किंवा जास्त असते आणि नवख्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या तेव्हा त्याला लागू नसतात.

मात्र चार वर्षांचा शब्द देताना पूर्ण रक्कम आधी वेगळ्या खात्यात बाजूला काढा. पुढच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून देऊ, असा भरवसा धरू नका. पुढची तुकडी घ्यायची तर चाळीस घरांनी महिना ५ डॉलर दिले तरी वर्षाला २,४०० जमतात. सभासदांच्या कंपन्या देणगीत भर घालतात का तेही पाहा. मात्र तशी भर सहसा करमुक्त मान्यता असलेल्या संस्थेलाच मिळते आणि तिच्या मागणीला मुदत असते.

प्रश्न : स्वतःचे फाउंडेशन काढावे, विद्यापीठाकडे पैसे द्यावेत, की मंडळानेच शिष्यवृत्ती चालवावी? (शिकागो)

स्वतःचे खासगी फाउंडेशन काढू नका. शिष्यवृत्ती देण्याआधी निवडीच्या पद्धतीला आयआरएसची (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याची) पूर्वमंजुरी लागते. दरवर्षी ९९०-पीएफ विवरणपत्र भरावे लागते, गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.३९ टक्के कर द्यावा लागतो आणि मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के वाटप बंधनकारक असते. काही लाख डॉलर असतील तरच हा खटाटोप परवडतो.

मंडळाने चालवायचे असेल तर आधी मंडळाची मान्यता तपासा. आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो. मंडळ ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असेल आणि सार्वजनिक संस्था म्हणून मान्यता असेल, तर वेगळी पूर्वमंजुरी न घेता शिष्यवृत्ती देता येते. पण मंडळ ५०१(सी)(७) म्हणजे सामाजिक क्लब म्हणून नोंदलेले असले, तर देणगीदारांना करसवलत मिळणार नाही, आणि हे बऱ्याच कार्यकारिणींना वर्ष उलटल्यावर कळते. दफ्तरात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, रक्कम, हेतू, निवड कशी झाली आणि पदाधिकाऱ्यांशी नाते आहे का, हे नोंदवलेले असायलाच हवे.

तिसरी वाट म्हणजे तुमच्या शहरातले कम्युनिटी फाउंडेशन. ते अर्ज मागवते, छाननी करते, चेक पाठवते आणि त्याबद्दल वर्षाला साधारण १ ते २ टक्के शुल्क घेते. इथली अट लक्षात ठेवा : निवड समिती फाउंडेशन नेमते, आणि तिच्यात देणगीदाराचे व त्याच्या नातेवाइकांचे वर्चस्व असता कामा नये. एखाद-दुसरी जागा तुम्हाला मिळते, पण बहुमत मिळत नाही. २००६ च्या कायद्याने हे घालून दिले आहे.

आणि थेट महाविद्यालयाकडे द्यायचे असेल तर बेथ्यून-कुकमनसारख्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा विचार आधी करा. १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या अशा सुमारे शंभर संस्था आज आहेत. मोठ्या, धनाढ्य विद्यापीठांच्या तुलनेत त्यांचे निधी फार लहान, आणि विद्यार्थी मात्र बहुतेक पेल ग्रँटवर (गरजू विद्यार्थ्यांना अमेरिकी केंद्र सरकार देते त्या अनुदानावर) शिकणारे. तिथे गेलेला हजार डॉलर जास्त ठिकाणी पोचतो असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक चूक सगळ्या मार्गांवर होते : देणगी देताना 'अमक्याच्या मुलीला द्या' असे सुचवणे. नाव ठरवून दिलेल्या रकमेला देणगी म्हणत नाहीत. त्यावर करसवलत मिळत नाही आणि संस्थाही अडचणीत येते.

प्रश्न : 'फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी' अशी अट घालता येईल का? (अटलांटा)

सध्या घालू नये. २९ जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करणे बंद झाले. निकाल प्रवेशापुरता होता, पण त्यानंतर अनेक विद्यापीठांनी वंशाची अट असलेल्या शिष्यवृत्त्याही बदलल्या. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना १९६४ चा नागरी हक्क कायदा लागू आहेच. तुमच्याच शहरातल्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये फक्त कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी असलेली एका खासगी निधीची अनुदानस्पर्धा थांबवली, आणि आधार घेतला तो गुलामीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी केलेल्या १८६६ च्या कायद्याचा. या घडामोडीचे आम्हाला मनापासून दुःख आहे. पण अटीवरून दावा लागला तर पैसा वकिलांकडे जाईल आणि विद्यार्थी तसेच राहतील, म्हणून मार्ग बदलणे शहाणपणाचे.

मार्ग आहेत. शिष्यवृत्ती एखाद्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयात ठेवा. ही महाविद्यालये सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली आहेत, त्यामुळे अटीचा प्रश्नच येत नाही. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात जाणारे, पेल ग्रँट मिळणारे, ठरावीक जिल्ह्यातल्या सरकारी शाळेतून आलेले आणि शिक्षणशास्त्र घेणारे, अशा अटी घाला. निबंधाचा विषय बाईंच्या कामाशी जोडा, जसे की 'तुमच्या वस्तीतल्या शाळेला आज कशाची सर्वांत जास्त गरज आहे आणि तुम्ही तिथे काय कराल?' विद्यार्थी आपल्या अनुभवात वंशभेदाबद्दल लिहू शकतो, आणि समितीने ते वाचून त्याची जिद्द, त्याचे काम यांचे मोल करावे. फॉर्मवर वंशाचा रकाना ठेवू नका, फोटोही मागू नका. मसुदा तुमच्या राज्यातल्या वकिलाला एकदा दाखवा. बरीच मंडळे सभासद-वकिलांकडून हे विनामूल्य करून घेऊ शकतात.

प्रश्न : आम्ही मागे एका विद्यार्थिनीला २,००० डॉलर दिले. तिच्या महाविद्यालयाने स्वतःची मदत तेवढीच कमी केली. असे का होते? (सॅन होजे)

याला शिष्यवृत्तीची गळती म्हणा. महाविद्यालय प्रत्येक विद्यार्थ्याचा एकूण खर्च आणि गरज ठरवते. बाहेरून आलेले पैसे धरून एकूण मदत त्या मर्यादेपुढे गेली, तर कुठेतरी कपात करावी लागते. कपात आधी कर्जातून आणि कॅम्पसवरच्या नोकरीच्या वाट्यातून झाली तर विद्यार्थ्याचा फायदा आहे. पण काही महाविद्यालये स्वतःच्या अनुदानातून कापतात. तसे झाले की तुमचे २,००० डॉलर प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या तिजोरीला मिळतात.

मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सरकारी महाविद्यालयांत अशा कपातीला कायद्याने मर्यादा घातली. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. तुमच्या कॅलिफोर्नियानेही नंतर गरजू विद्यार्थ्यांसाठी कायदा केला. पण सगळीकडे तो नाही, म्हणून काळजी तुम्हीच घ्यायची.

निवड झाल्यावर पण चेक लिहिण्याआधी विद्यार्थिनीला आर्थिक साहाय्य कार्यालयात हा प्रश्न ईमेलने विचारायला सांगा : 'बाहेरची शिष्यवृत्ती आली तर आधी काय कमी होईल : कर्ज, नोकरी की अनुदान?' उत्तर अनुदान असे आले, तर कार्यालयाकडे खर्चाचा अंदाज वाढवून मागता येतो. लॅपटॉप, प्रवास, मुलांचा सांभाळ, परवाना परीक्षेची फी हे खर्च कागदपत्रांसह दाखवले की मर्यादा वर सरकू शकते. तेही नाही जमले तर रक्कम पुढच्या सत्रासाठी किंवा शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवायची मुभा तुमच्या नियमांत आधीच लिहून ठेवा. नियमांत ती नसली तर ऐन वेळी कार्यकारिणीत वाद होतो आणि मुलगी वाट पाहत बसते.

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत तर एक जागा अशी आहे की जिथे पैसा खरोखर लागतो. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष शाळेत शिकवण्याचे सत्र असते, साधारण १२ ते १६ आठवड्यांचे. दिवसभर शाळेत उभे राहायचे, रात्री पाठ काढायचे आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेतन शून्य. अर्धवेळ नोकरी सोडावी लागते, आणि घरभाडे तर द्यावेच लागते. त्याच काळात प्रॅक्सिससारख्या शिक्षक-परवाना परीक्षांची फी, बोटांच्या ठशांची तपासणी, परवान्याचा अर्ज, शाळेपर्यंतचा प्रवास हे सगळे अंगावर येते. पदवीच्या इतक्या जवळ येऊन मुले इथे थांबतात. तुमच्याकडे एकच रक्कम देण्याची ऐपत असेल, तर ती या सत्राला द्या.

प्रश्न : चेक कोणाच्या नावाने आणि केव्हा काढावा? (डॅलस)

महाविद्यालयाच्या नावाने. चेकवर विद्यार्थ्याचे पूर्ण नाव आणि विद्यार्थी क्रमांक लिहा, सोबत पत्र जोडा : रक्कम, कोणत्या सत्राला किती, आणि विद्यार्थ्याने प्रवेश घेतला नाही तर पैसे परत पाठवावेत. पत्रात काही लिहिले नसेल तर बरीच कार्यालये रक्कम दोन सत्रांत निम्मी-निम्मी वाटतात.

वेळापत्रक उलटे मोजा. शरद सत्राचे बिल साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला भरायचे असते. म्हणून चेक जुलैच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे, निवड एप्रिलअखेर व्हायला हवी आणि अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या शेवटी. अर्ज ऑक्टोबरमध्ये खुले करा. सरकारी मदतीचा एफएएफएसए अर्जही सहसा १ ऑक्टोबरलाच खुला होतो आणि शाळांचे समुपदेशक त्याच सुमारास मुलांना कामाला लावतात. मंडळे दिवाळी कार्यक्रमात स्टेजवर मोठा पुठ्ठ्याचा चेक देतात आणि खरा चेक नंतर पाठवतात. तोवर विद्यार्थ्याच्या खात्यावर विलंब शुल्क लागलेले असते आणि पुढच्या सत्राची नोंदणी अडलेली असते. सत्कार दिवाळीत करा, पैसे जुलैत द्या.

प्रश्न : विद्यार्थ्याला या पैशांवर कर पडतो का? (सिअॅटल)

पदवीसाठी शिकणाऱ्याने शिकवणी, आवश्यक फी, पुस्तके आणि अभ्यासक्रमाला लागणारे साहित्य यांवर खर्चलेली रक्कम करमुक्त असते. राहणे, जेवण, प्रवास यांवर खर्चलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. उत्पन्न कमी असेल तर प्रत्यक्ष कर बहुधा शून्य येतो, पण पावत्या ठेवायला सांगा.

प्रश्न : अर्ज फार कमी येतात. फॉर्ममध्ये आमचे काही चुकते आहे का? आणि पदवीनंतर दोन वर्षे गरीब वस्तीत शिकवण्याची अट घालावी का? (कोलंबस, ओहायो)

फॉर्म लांब असेल, तीन शिफारसपत्रे मागितली असतील, हजार शब्दांचे दोन निबंध असतील, तर काम आणि कॉलेज दोन्ही करणारी मुलगी तो भरणारच नाही. ज्या घरात मदत करायला शिकलेली माणसे आहेत तीच मुले मग अर्ज करतात. ४०० शब्दांचा एक निबंध, एक शिफारस आणि गुणपत्रक पुरे. गरजेचा पुरावा म्हणून पालकांची कर-विवरणपत्रे मागू नका. एफएएफएसएनंतर मिळणाऱ्या सारांशावर साहाय्य निर्देशांक छापलेला असतो, तो एक आकडा बास. गुणांच्या सरासरीची अट (चारपैकी) ३.५ ऐवजी २.५ ठेवा. आठवड्याला वीस तास काम करून २.८ मिळवणारी मुलगी आळशी नसते.

शिफारस देणारी व्यक्ती विद्यार्थ्याला वर्गात प्रत्यक्ष शिकवणारीच असावी असा नियम करा. एमा विल्सन यांनी जी पारख केली ती प्राचार्यांच्या छापील पत्रातून होत नाही. आणि निव्वळ संकेतस्थळावर जाहिरात टाकून बसू नका. दहा शाळांच्या समुपदेशकांना आणि दोन शिक्षणशास्त्र विभागांना फोन करा. अर्ज तिथून येतात.

समितीत तीन किंवा पाच जण असावेत, त्यांतले निदान दोन मंडळाबाहेरचे आणि एखाद्या निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका तरी हव्यातच. गुण आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे द्यायचे, चर्चा नंतर. चर्चा आधी झाली की सर्वांत ज्येष्ठ सभासदाचे मत सगळ्यांचे होते, हा आपल्या समित्यांचा जुना अनुभव आहे. कार्यकारिणीच्या सभासदांची मुले आणि नातलग अपात्र, हे फॉर्मवर छापा.

नोकरीच्या अटीबद्दल : घालू नका. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, आणि बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही. शिष्यवृत्तीने त्यांचे आयुष्य घडवले हे खरे, पण कराराने त्यांना जिथे नेले तिथे जगणे अशक्य होते.

आजचे उदाहरण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या टीच ग्रँटचे, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठीच्या अनुदानाचे. वर्षाला सुमारे ४,००० डॉलरपर्यंत मिळतात. अट अशी की पदवीनंतरच्या आठ वर्षांत चार वर्षे गरजेच्या विषयात, कमी उत्पन्नाच्या शाळेत शिकवायचे. अट मोडली तर सगळी रक्कम कर्ज होते, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष शिकवत असलेल्या हजारो शिक्षकांची अनुदाने निव्वळ वार्षिक प्रमाणपत्र उशिरा पोचल्यामुळे कर्जात बदलली होती. पुढे सरकारला ती दुरुस्त करून द्यावी लागली. मंडळाकडे तर अशी अट तपासायला माणूसही नसतो. त्याऐवजी पदवीनंतर पहिल्या नोकरीच्या वर्षी वर्गाच्या साहित्यासाठी ३०० डॉलर वेगळे द्या. शिकवायला लागलेल्यालाच ते मिळतील, आणि करार लागणार नाही.

प्रश्न : बाईंचे नाव आणि फोटो वापरायला परवानगी लागते का? (टँपा)

नाव वापरण्याआधी कुटुंबाला किंवा बेथ्यून-कुकमन विद्यापीठाला पत्र लिहा. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गोंधळाचा प्रश्न उरतोच : तुमच्या पत्रकावर 'बेथ्यून शिष्यवृत्ती' वाचून लोकांना पैसे विद्यापीठाला जातात असे वाटेल. पैसे कुठे जातात हे प्रत्येक पत्रकावर एका ओळीत छापा.

फोटोसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात गॉर्डन पार्क्स यांनी १९४३ मध्ये सरकारी कामासाठी डेटोना बीचला काढलेली छायाचित्रे आहेत. सरकारी काम असल्यामुळे ती मुक्तपणे वापरता येतात. ओळीत छायाचित्रकाराचे नाव जरूर द्या, कारण पार्क्स हेही मोठे कृष्णवर्णीय कलावंत होते. इंटरनेटवर मिळेल तो फोटो उचलू नका. जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधल्या (अमेरिकेच्या संसद भवनातल्या) स्टॅच्युअरी हॉलमध्ये फ्लोरिडाच्या वतीने बाईंचा संगमरवरी पुतळा बसला. राज्याच्या वतीने तिथे पुतळा बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि त्यांनी जागा घेतली ती एका कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूच्या) सेनापतीच्या पुतळ्याची. त्या पुतळ्याची वृत्तसंस्थांनी काढलेली छायाचित्रे मात्र त्यांच्या मालकीची असतात.

प्रश्न : भारतातून या निधीला पैसे पाठवता येतील का? (पुणे)

व्यक्ती म्हणून येतील. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात आणि देणगी हा मान्य हेतू आहे. बँकेत ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो. वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत स्रोतावर कर वसूल होत नाही, त्यापुढच्या रकमेवर २० टक्के होतो आणि तो विवरणपत्रात समायोजित करता येतो. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात करसवलत नाही. धर्मादाय न्यासाने मात्र असे पैसे पाठवू नयेत. देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेला करमाफी हवी तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि ती सहजी मिळत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत सावित्रीबाई आणि बेथ्यूनबाई या दोघींच्या नावाने पारितोषिक ठेवायचे आहे. परदेशातले माजी विद्यार्थीही पैसे देणार आहेत. (सातारा जिल्हा)

जोडी योग्य आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. या दोन लढ्यांमधला धागा त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

आता ठेवीचे. जुन्या शाळांच्या फलकांवर 'कै. अमुक स्मृती पारितोषिक, ५१ रुपये' असे अजून दिसते. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी हजार रुपयांची ठेव ठेवली, व्याज दरवर्षी पूर्ण वाटले, मुद्दल तिथेच राहिले, आणि आज त्या रकमेत दोन वह्याही येत नाहीत. हे टाळायचे तर व्याजाचा पाचवा हिस्सा दरवर्षी मुद्दलात घाला. १ लाखाच्या ठेवीवर ७ टक्के मिळाले तर ७,००० होतात. ५,६०० वाटा आणि १,४०० परत ठेवीत. महागाईला हे पुरते तोंड देणार नाही, म्हणून दर पाच वर्षांनी देणगीदारांना पत्र पाठवून मुद्दलात भर मागायची असे ठरावातच लिहा.

ठराव संस्थेच्या कार्यकारी मंडळाने करायचा, नुसता मुख्याध्यापकांच्या पत्रावर विसंबायचे नाही. मुख्याध्यापक बदलतात आणि ठेव शाळेच्या साध्या बचत खात्यात विरघळून जाते. ठेव संस्थेच्या नावावर, विशिष्ट हेतूचा निधी म्हणून ताळेबंदात वेगळी दाखवलेली आणि आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असावी. रक्कम कोणत्या वर्गातल्या, कोणत्या मुलीला, कोणत्या महिन्यात द्यायची तेही लिहा. आमची सूचना अशी की डी.एल.एड.ला प्रवेश घेणाऱ्या माजी विद्यार्थिनीला प्रवेशाच्या वेळी द्यावी, कारण फी तेव्हा भरायची असते.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत त्यांचा पासपोर्ट पाहा. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अभिदान ठरत नाही आणि ती तुम्ही घेऊ शकता. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम, ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी अभिदानच ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी अभिदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसलेल्या शाळेच्या खात्यात असे पैसे आले तर गुन्हा शाळेवर येतो, म्हणून खाते क्रमांक कळवण्याआधी प्रत्येकाकडून नागरिकत्वाबद्दल एक सही केलेले पत्र घेऊन दफ्तरी लावा. ज्यांची रक्कम घेता येत नाही त्यांना डेटोनाच्या विद्यापीठाकडे किंवा त्यांच्या गावच्या मंडळाच्या शिष्यवृत्तीकडे ती वळवायला सांगा.